पोर्टफोलिओच्या आधी डमी बनवा

मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी चित्रं काढू पाहणाऱ्या नवख्यांच्या पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या कामाच्या संचात, सुटी, देखणी चित्रं भरपूर असतात. संपादक मात्र वेगळंच तपासतो: धावणारी, रुसलेली, पाठमोरी मुलगी पाचही पानांवर तीच वाटते का? बहुतेकांचं इथेच फसतं. तिसऱ्या पानावर डोकं मोठं होतं, फ्रॉकचे ठिपके बदलतात. म्हणून पात्राचा तक्ता आधी काढा, समोरून, बाजूने, मागून. उंची किती डोक्यांची तेही ठरवून टाका.

मग डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने बनवलेला कच्चा नमुना. चित्रपुस्तकं बहुतेकदा ३२ पानांची असतात, कारण छापलेला मोठा कागद घड्या घालून ८ किंवा १६ पानांचा फर्मा होतो. तुम्ही ८ कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, झाली ३२ पानं. शीर्षक, श्रेयपान वगळता गोष्टीला १२ ते १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) उरतात. त्यांत पेन्सिलीने ओबडधोबड रेखाटनं करा आणि पानं खरोखर उलटून बघा. उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटी ताणली जावी, उलगडा उलटल्यावर. स्क्रीनवर हे कळतच नाही.

अंतिम चित्र छपाईच्या आकारात ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके), कडेने ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापला जाणारा जादा भाग, ठेवून. चेहरा दोन पानांमधल्या शिवणीत गेला तर नाक गिळलं जातं! मजकुराची जागा रेखाटनातच मोकळी सोडा.

करारात हक्क कायमचे विकताय की ठरावीक वापराची परवानगी देताय, हे वाचा. फेरबदलांची संख्याही लिहून घ्या. रंगकाम झाल्यावरचा बदल सर्वांत महाग पडतो.