वाचकांचे प्रश्न : बांधकामावरच्या मुलांची अंगणवाडी

प्रश्न : आमच्या वसाहतीलगत मोठ्या इमारतींचे काम सुरू असून तेथील मजूर कुटुंबे छत्तीसगड आणि बालाघाटकडून आलेली आहेत. त्यांची लहान मुले दिवसभर गिट्टी-वाळूच्या ढिगाऱ्यांवर असतात. आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढून त्यांना रोज दूध-बिस्किटे देण्याचे ठरवले आहे. एवढे पुरेसे आहे काय?
— एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर : दूध अवश्य द्यावे, बिस्किटांचे पैसे मात्र अंडी, केळी किंवा फुटाण्यांवर खर्च करावेत. परंतु वर्गणी केव्हा ना केव्हा आटते, आणि या मुलांना जे हक्काने मिळायला हवे ते दान म्हणून मिळत राहिले, तर ज्यांनी द्यायचे ते निवांत राहतात. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार 6 महिने ते 6 वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळायला हवा, आणि हा हक्क देताना मूल मूळचे कोणत्या राज्याचे, हे कायदा विचारत नाही. आहाराखेरीज लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षणही अंगणवाडीशीच जोडलेले आहे.

म्हणून मंडळाने आधी मुलांची नावे, अंदाजे वय आणि आईचे नाव अशी यादी करावी व ती जवळच्या अंगणवाडी सेविकेला दाखवावी. अंगणवाडी फार दूर असेल, तर आणखी एक मार्ग आहे, जो फारसा कोणी वापरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 रोजी असा आदेश दिला होता की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत ती सुरू करावी. हा अर्ज पालकांच्या सह्या-अंगठ्यांसह बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.

ठेकेदारालाही यातून सुटका नाही. बांधकाम कामगारांविषयीच्या 1996 च्या कायद्याने, पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची खोली बंधनकारक केली होती. हजेरीपटावर स्त्रियांची नावे किती आणि प्रत्यक्ष घमेली उचलणाऱ्या किती, हे मात्र तुम्हीच मोजलेले बरे!

घाई करण्याचे कारण असे, की पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे क्वचितच पूर्ण भरून निघते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली, आणि चौथ्या फेरीपेक्षा हे प्रमाण घटलेले नव्हते.

सहा वर्षांवरील मुलांना शाळेत घालावे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि महापालिकेच्या हिंदी माध्यमाच्या शाळा नागपुरात आहेत. तीन महिन्यांत अर्जाचे काहीच झाले नाही, तर पोचेची प्रत आपल्या आमदारांना द्यावी. हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरते.