नर्सरीत चवथीची माटोळी

युरोपातल्या नर्सरीतून ‘तुमच्याकडचा एखादा सण दाखवा’ असा निरोप आला की बहुतेक घरांतून गणपतीचं रंगवायचं चित्र जातं. गोव्याकडच्यांनी त्याऐवजी माटोळी न्यावी, म्हणजे चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीच्या वर टांगतात ती फळा-भाज्यांची चौकट. त्या मोसमात भोवताली जे पिकतं ते देवाच्या वर टांगायचं, एवढं तीन-चार वर्षांच्या मुलाला सहज कळतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानातली, माटोळीला बांधायची कांगलं आणि घागऱ्या तिथे कुठून मिळणार, म्हणून हिरमुसू नका. युरोपात सप्टेंबरात सफरचंदं, नासपती, मक्याची कणसं, छोटे भोपळे येतात, तेच बांधा.

बारा मुलांसाठी ६० सेंमीच्या चार बांबूकाठ्या घ्या. दोन आडव्या, दोन उभ्या ठेवून चारही छेद सुतळीने घट्ट आवळा. ही चौकट घरूनच करून न्या. वर्गात ती दोन खुर्च्यांवर टेकवा, म्हणजे मुलांचे हात पोचतात.

गडबड होते ती सफरचंदांची. देठ सुटतो आणि फळ खाली येतं. लसूण-लिंबं ज्या जाळीच्या पिशवीत मिळतात तिचे तुकडे जपून ठेवा. मुलाने फळ हुंगावं, नाव सांगावं, जाळीत घालावं आणि गाठ मोठ्यांनी मारावी. सोललेल्या नारळालाही जाळीच हवी. कणसाची सालं मागे ओढून त्यांनाच दोरी बांधली की ते हलत नाही. नारळ आणि भोपळा मधोमध, बाकी फळं समोरासमोर सारख्या वजनाची. नाहीतर चौकट कलते.

दोरीचे तुकडे २० सेंमीपेक्षा लांब नकोत, आणि तीन वर्षांखालच्यांच्या हाती दोरी देऊच नका. सुपारी, सुटी द्राक्षं, शेंगदाणे घरीच राहू द्या. बागेतली हॉर्स चेस्टनटची चकचकीत फळं मुलं हौसेने आणतात. ती विषारी असतात. नारळाची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हे टीचरना आधी विचारा.

माटोळी टांगायची ती भक्कम हुकाला, मुलांच्या बसायच्या जागेवर नव्हे. ‘माटोळी’ हा शब्द मात्र बदलू नका, ‘फ्रूट हँगिंग’ म्हणू नका. मुलं नवा शब्द मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात. दुसऱ्या दिवशी ती उतरवा. केळी असतील तर चिलटं त्याआधीच येतात. धड राहिलेली सफरचंदं धुऊन, पातळ चकत्या करून वर्गातच वाटा.