पहिला टीव्ही घेताना

भाऊ, ‘एलईडी’ या शब्दाला भुलू नका. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच, फक्त मागून उजेड एलईडीचा. खरं बघायचं ते पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा; त्याचे व्हीए आणि आयपीएस हे दोन मुख्य प्रकार. व्हीए पॅनलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण 3000:1 च्या पुढे, आयपीएसचा 1000:1 च्या आसपास. त्यामुळे रात्री दिवे मालवून पिक्चर बघणाऱ्याने व्हीएच घ्यावा; आयपीएसवर काळा रंग राखाडी दिसतो. मात्र बैठकीत माणसं कडेकडेनं बसणार असतील तर आयपीएस बरा, कारण कोपऱ्यातून व्हीएचे रंग फिके पडतात. ओलेडचं (यात मागून उजेड नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) चित्र सगळ्यात सरस. पण घरात दिवसभर बातम्या चालत असतील तर खालच्या पट्टीचा डाग पडद्यावर कायमचा बसू शकतो.

घरी आणल्यावर आधी ‘व्हिव्हिड’ मोड काढून ‘सिनेमा’ लावा आणि शार्पनेस कमी करा. माणसाच्या कडेला पांढरी रेघ दिसते ना, ती शार्पनेसचीच. सेट टॉप बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीनं जोडला तर एचडी पॅक घेऊनही चित्र धुरकटच राहणार. एचडीएमआय वायर लावा.

आणि आपल्या मराठवाड्यातला वळवाचा पाऊस! आभाळ भरून आलं की रिमोटनं बंद करून भागत नाही. कडकडाट डोक्यावर येण्याआधीच प्लग काढा, छतावरच्या छत्रीची वायरही सोडवा. त्या वायरीतून आलेला झटका सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआय पोर्टपर्यंत पोचतो आणि मदरबोर्ड जळतो. अर्थिंग धड नसेल तर सर्ज प्रोटेक्टरवर (विजेचा झटका अडवणाऱ्या उपकरणावर) भिस्त ठेवू नका. लातूर असो की परभणी, वायरमनकडून अर्थिंग आधी तपासून घ्या.