बीएस्सीनंतर थेट राजकारण?

‘मुलगा टीवायबीएस्सीला आहे, विषय फिजिक्स. गणपतीपासून पक्षाच्या शाखेतच पडलेला असतो. एमएस्सी करणार नाही म्हणतो, पूर्णवेळ राजकारण करायचंय, खासदार व्हायचंय. वडील त्याच्याशी बोलत नाहीत. मी काय करू?’
– एक आई, लालबाग

ताई, नमस्कार.

खासदार व्हायचंय म्हणणारा मुलगा वाया गेलाय असं मी अजिबात मानत नाही. त्याचं चुकतंय ते फक्त एमएस्सी सोडण्यात.

त्याला मधु दंडवत्यांबद्दल सांगा. तेही फिजिक्सचेच. आपल्या फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजात शिकवायचे. ती नोकरी सांभाळूनच समाजवादी चळवळीत होते, गोवामुक्तीच्या सत्याग्रहातही गेले. लोकसभेत पोहोचले १९७१ साली, राजापूरहून. तेव्हा त्यांचं वय होतं सत्तेचाळीस! हा आकडा त्याला मुद्दाम सांगा. तेव्हापासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून आले. आणीबाणीत ते बेंगळुरूच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. पुढे रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले, आणि १९९१ ला हरलेही.

ते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले तेव्हा सेकंड क्लासचा बर्थ म्हणजे नुसती लाकडी फळी. लहानपणी नागपूरच्या प्रवासात आई चादरीची चौघडी करून माझ्या पाठीखाली सरकवायची, तरी सकाळी पाठ धरलेली असायची. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला घेतला. फर्स्ट क्लासचं काढून घेतलं नाही, सेकंड क्लासला दिलं. इतकी वर्षं झाली, बर्थवर आडवा झालो की मला अजून तो माणूस आठवतो.

आता पोटापाण्याचं. शाखेत पगार नसतो. घरखर्चासाठी ज्याला साहेबांकडे हात पसरावा लागतो, त्याला साहेबांसमोर ‘हे चुकतंय’ म्हणता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या राजकारणातल्या मुलांची खरी अडचण हीच असते. तिशी येते, हातात ना तिकीट ना नोकरी, आणि वाकायची सवय मात्र लागलेली. म्हणून स्वतःची कमाई हवी. प्राध्यापकी असो, वकिली असो, क्लास असो.

नगरसेवकासाठी एकवीस आणि लोकसभेसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, डिग्रीची अट नाही. म्हणजे एमएस्सी तिकिटासाठी नाहीच, ती त्याच्या ताठ मानेसाठी आहे. फिजिक्समध्ये मन रमतच नसेल तर कलिनाला मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्रात एमए करू दे, किंवा तीन वर्षांचं लॉ. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांसाठी ‘लॅम्प’ नावाची फेलोशिप असते. तीत एका खासदाराबरोबर दिल्लीत राहून संसदेच्या कामाचा अभ्यास करून द्यावा लागतो, मानधनही मिळतं. त्याने ती जरूर बघावी.

आणखी एक. लालबागमध्ये पगडीच्या, सेसच्या, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या, किती इमारती पुनर्विकासाची वाट बघत उभ्या आहेत! त्यातल्या एकीचे कागद मिळवून त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावेत आणि भाडेकरूंना कुठल्या कागदावर काय कबूल केलंय ते तुम्हाला साध्या भाषेत समजावून सांगावं. हे जमलं आणि आवडलं, तर मुलगा या कामाचा आहे.

एमएस्सीचा फॉर्म भरू दे. संध्याकाळी शाखेत जाऊ दे, अडवू नका. आणि त्याच्या वडिलांना म्हणावं, एक दिवस त्याच्याबरोबर शाखेत जाऊन बसा, तो तिथे काय करतो ते बघा. घरी परतताना दोघं काहीतरी बोलतीलच.