राष्ट्रहित आणि मानवजातीचं हित आमनेसामने आलं तर सरकारने काय करावं?

तुमचा प्रश्न असा: सरकार नागरिकांनी निवडलेलं, कर त्यांनीच भरलेला, मग जगाच्या भल्यासाठी त्याने देशाच्या हिताला मुरड का घालावी, आणि घातलीच तर किती?

सरकार नागरिकांचं विश्वस्त आहे. आपल्या लोकांना झुकतं माप देणं हे त्याचं कामच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मालकाचा खर्च वाचावा म्हणून विश्वस्ताला शेजाऱ्याच्या विहिरीत घाण टाकता येत नाही. मदत न करणं वेगळं, इजा करणं वेगळं. हा फरक कायद्यातही आला आहे. कॅनडातल्या ट्रेल गावच्या धातू वितळवण्याच्या कारखान्याचा गंधकाचा धूर सीमा ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पिकांचं आणि झाडांचं नुकसान करत होता. दोन्ही देशांनी नेमलेल्या लवादाने १९४१ मध्ये निकाल दिला: धुराने शेजारी देशाचं गंभीर नुकसान होईल अशा रीतीने आपली जमीन वापरण्याचा हक्क कोणत्याही देशाला नाही. कॅनडाला भरपाई द्यावी लागली आणि कारखान्यावर बंधनंही आली.

इजा उघड दिसते तिथे निवाडा असा सरळ होतो. पण बहुतेक भांडणं या प्रकारची नसतात. 'मी हात आखडला आणि बाकीच्यांनी नाही आखडला, तर मीच मूर्ख ठरेन' या भीतीची ती असतात. तिथे देशाचं आणि जगाचं हित एकाच दिशेला असतं; कमी असते ती हमी. ती भाषणांतून येत नाही, कराराच्या कलमांतून येते.

उत्तर पॅसिफिकमधल्या फर सीलचं, म्हणजे केसाळ कातड्यासाठी मारल्या जाणाऱ्या समुद्री प्राण्याचं, उदाहरण घ्या. सील पिल्लं घालतात ती मुख्यतः अमेरिका आणि रशियाच्या बेटांवर, पण कॅनडा आणि जपानची जहाजं त्यांना भर समुद्रात मारत. समुद्रात नर-मादी ओळखू येत नाही, मारलेले बरेच प्राणी बुडून वाया जातात, आणि आई मेली की किनाऱ्यावरचं पिल्लू उपाशी मरतं. कळप झपाट्याने घटले, तरी एकटा थांबायला कोणी तयार नव्हता. १९११ च्या करारात चौघांनी (कॅनडाच्या वतीने ब्रिटनने) समुद्रातली शिकार बंद केली. त्या बदल्यात अमेरिका आणि रशियाने आपापल्या बेटांवर मिळणाऱ्या कातड्यांपैकी १५ टक्के कॅनडाला आणि १५ टक्के जपानला द्यायचं कबूल केलं. शिवाय समुद्रात मारलेल्या सीलच्या कातड्यांना चारही देशांची बाजारपेठ बंद. थांबणाऱ्याला वाटा मिळाला, चोरट्याला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि कळप पुन्हा वाढले.

हवेतला ओझोनचा थर विरवणारी रसायनं थांबवण्यासाठी १९८७ मध्ये झालेला माँट्रियल करार याच घडणीचा आहे, फक्त मोठा. यात सामील न होणाऱ्या देशाशी त्या रसायनांचा व्यापार बंद, त्यामुळे बाहेर राहणं महाग पडलं. विकसनशील देशांपैकी ज्यांचा वापर माणशी वर्षाला ०.३ किलोपेक्षा कमी होता, त्यांना १० वर्षांची सवलत मिळाली. तरीही भारत आणि चीन सुरुवातीला बाहेरच थांबले. वातावरण बिघडवलं कोणी आणि कारखाने बदलायचा खर्च कोणी सोसायचा, हा त्यांचा सवाल रास्त होता. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत स्वतंत्र निधी ठरला. जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर जाताना जो वाढीव खर्च येतो तो निधी देतो, आणि त्याच्या १४ जणांच्या कार्यकारी समितीत ७ जागा विकसनशील देशांच्या आहेत. मग १९९१ मध्ये चीन आला, १९९२ मध्ये भारत. दोघांनी आधी अडून राहणं हे मानवजातीशी वैर नव्हतं; त्या अडण्यामुळेच करार न्याय्य झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट उदाहरण हवामान बदलावरच्या क्योटो कराराचं. १९९७ च्या जुलैमध्ये, करार होण्याआधीच, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावलं की विकसनशील देशांवर बंधनं नसलेला करार आम्हाला चालणार नाही. अमेरिकेने पुढे सही केली, पण मंजुरी दिलीच नाही. कॅनडाने २०११ मध्ये बाहेर पडत असल्याची नोटीस दिली आणि त्याचं व्यापारी नुकसान काहीच झालं नाही. बाहेर राहण्याची किंमत शून्य असली की असंच होतं. अर्थात क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे ओझोन विरवणारी मुख्य रसायनं, बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्याय हाताशी येत होते. कोळसा-तेल मात्र प्रत्येक उद्योगात मुरलेलं आहे, तेव्हा ही तुलना फार ताणू नये.

मोजणीवर एक शब्द. माँट्रियल कराराने बंद केलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बन-११ या रसायनाचं हवेतलं प्रमाण जितकं घटायला हवं तितकं घटत नाही, हे २०१८ मध्ये उघड झालं. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या हवा-निरीक्षण केंद्रांच्या नोंदींनी पुढच्या वर्षी वाढीव उत्सर्जनाच्या मोठ्या भागासाठी पूर्व चीनकडे बोट दाखवलं. त्यानंतर उत्सर्जन उतरलं. मोजणी फक्त त्या-त्या सरकारच्या कागदी अहवालावर सोडली असती तर हे कळलंच नसतं.

खरी ओढाताण होते ती तुटवड्यात: लस किंवा धान्य सगळ्यांना पुरेसं नाही आणि आजच हवं आहे. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणं थांबवलं. जगभर टीका झाली. पण नमुना आमचा, त्यावरून बनलेली लस कंपनीची, आणि आम्हालाच ती परवडणार नाही, हे त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. २०११ मध्ये तोडगा निघाला: नमुने सर्वांनी द्यायचे, ते वापरणाऱ्या कंपन्यांनी फ्लूवर नजर ठेवणाऱ्या जागतिक यंत्रणेच्या चालू खर्चाचा निम्मा भार उचलायचा आणि साथ आल्यास लस किंवा औषधांचा ठरलेला वाटा द्यायचा. फट एकच राहिली. हा तोडगा फक्त साथ पसरवू शकणाऱ्या फ्लूपुरता होता, त्यामुळे २०२० मध्ये करोनापुढे तो निरुपयोगी ठरला आणि ज्याच्या हाती कारखाने त्याने आधी आपलं पाहिलं. तुटवडा सुरू झाल्यावर वाटणी ठरत नाही. ती आधीच ठरलेली लागते.

धान्याचंही तेच. २००७-०८ मध्ये तांदळाचं जागतिक पीक चांगलं असूनही भारत, व्हिएतनाम वगैरेंनी निर्यात रोखली, आयातदार देश घाबरून खरेदीला धावले आणि काही महिन्यांत जागतिक भाव जवळपास तिप्पट झाले. अन्नाचा गंभीर तुटवडा असेल तर तात्पुरती निर्यातबंदी जागतिक व्यापार नियमांत बसते, आणि घरचे भाव सांभाळणं हे सरकारचं कर्तव्यच आहे. प्रश्न बंदी कशी घालावी हा आहे. सरसकट बंदीपेक्षा निर्यात कर किंवा कोटा बरा, कारण कोट्यात किती माल येणार आणि करात किती बोजा पडणार हे बाहेरच्याला कळतं. बंदर गाठलेला माल आणि आधी झालेले सौदे सोडावेत. गरीब आयातदार देशांसाठी सरकार-ते-सरकार पुरवठा वेगळा ठेवावा. बंदी कधी उठणार ती तारीख पहिल्याच आदेशात लिहावी. तारीख नसली की साठेबाजी सुरू होते, आणि ती आपल्याच देशात आधी होते. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीवर निर्यातबंदी लावायची नाही, हे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मान्य केलं आहे. ती सूट आदेशात आहे ना, एवढं तरी पाहावं.