सूचना आली, आता थांबायचं की निघायचं?

प्रश्न : लेकरू परदेशात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिथलं वातावरण तापलंय. 'राहणं अत्यावश्यक नसेल तर तात्पुरतं निघण्याचा विचार करा', अशी सूचना आपल्या दूतावासाने काढलीय. कॉलेज म्हणतं, हजेरी बुडेल. वेळ आलीच तर सरकार आणेल ना? — एक पालक, लातूर

उत्तर : आणेल, पण कुठून, ते आधी बघा. २०२२ मध्ये युक्रेन युद्धात अडकलेल्या भारतीयांना आणणाऱ्या 'ऑपरेशन गंगा'ची विमानं पोलंड, रुमानिया, हंगेरी आणि स्लोव्हाकियातून सुटली, कारण २४ फेब्रुवारीलाच युक्रेनचं आकाश बंद झालं होतं. तिकीट सरकारने काढलं. सरहद्द मात्र बहुतेक पोरांनी आपल्या हिकमतीवर गाठली. २ मार्चला युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरातल्या मुलांना दूतावासाने कळवलं : संध्याकाळी सहाच्या आत जवळचं पेसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्का गाठा, गाडी नसेल तर पायी. अंतर ११ ते १६ किलोमीटर, तेही त्या थंडीत.

सूचनेचे शब्द पायरीपायरीने कडक होत जातात. तुम्ही कळवलेलं वाक्य युक्रेनची राजधानी कीव्हमधल्या आपल्या दूतावासाने १५ फेब्रुवारीला काढलं होतं. २० तारखेला सूर चढला. २२ तारखेला तर ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यापीठाच्या पत्राची वाट न बघता निघा, असं सांगितलं. दोन दिवसांनी युद्ध सुरू झालं. म्हणजे पहिल्या सूचनेपासून हातात नऊच दिवस होते. तुमचा मुलगा त्या पहिल्या पायरीवर आहे आणि आमच्या मते त्याने निघावं. रजेचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. घरी बसून ऑनलाइन केलेला अभ्यास एनएमसी, म्हणजे आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, तसाच धरत नाही, पुढे तो प्रत्यक्ष वर्गात भरून काढावा लागतो. तो भरून काढल्याचं पत्र विद्यापीठाकडून मिळेल का, तेही आत्ताच विचारून ठेवा.

पोरं अडकतात ती पासपोर्टापायी. व्हिसा वाढवायला तो कॉलेजकडे नाहीतर एजंटाकडे पडून असतो. आजच परत घ्यायला सांगा. हरवला तर दूतावास आणीबाणीचा दाखला देतो, पण तो भारतात परतण्यापुरताच. दूतावासात नावनोंदणी केली असेल तरी पत्ता जुन्या होस्टेलचा आहे का, ते तपासा. जवळ रोख डॉलर ठेवायला सांगा, एटीएम पहिल्याच दिवशी रिकामी होतात. प्रवास विम्यावर फार भिस्त नको, बहुतेक पॉलिसीत युद्ध वगळलेलं असतं.

प्रश्न : भाऊ सौदीत ड्रायव्हर आहे. चार महिने पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे, एजंट फोन उचलत नाही. पळून दूतावासात जाऊ का, असं विचारतोय. — परभणी

उत्तर : काम सोडून पळाला की मालक 'हुरूब' लावतो, म्हणजे कामावरून फरार अशी नोंद करतो, आणि मग देश सोडणंच अवघड होऊन बसतं. मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जीव आधी. एरवी तुम्ही इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाका. इकामा (तिथला राहण्याचा परवाना), करारपत्र आणि शेवटचा पगार जमा झाल्याची नोंद जोडा. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाला तो ठेवून घेता येत नाही, हेही लिहा. थकलेला पगार दूतावास स्वतः वसूल करू शकत नाही, त्यासाठी तिथल्या कामगार खात्याकडे दावा लावावा लागतो. दावा कसा लावायचा, ते दूतावास सांगतो; अगदीच हलाखी असेल तर दूतावासाच्या कल्याण निधीतून परतीचं तिकीटही मिळू शकतं.

एजंटाची तक्रार ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर, करा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. पावतीच दिली नसेल तर बँकेतून पाठवलेल्या पैशांचा उतारा लावा.