गावातलं घर विकताना लोक कुठं चुकतात?

तुम्ही विचारलं की वडील वारले, तुम्ही पुण्यात, दारव्ह्याकडच्या गावातलं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर बंद पडून आहे, दोघं भाऊ अन् एक बहीण, तर विकायच्या आधी रंगरंगोटी करू का आणि लोक साधारण कुठं फसतात. मी यवतमाळ जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी दस्त लिहायचं काम करतो, गावच्या घरांचे सौदे जुळताना अन् मोडताना रोज पाहतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

पहिले रंगाचं सांगून टाकतो. नका करू. गावात घेणारा घर घेत नाही, जागा घेते. तुम्ही डिस्टेंपर मारा नाहीतर टाईल्स बसवा, तो आल्या आल्या जेसीबी लावणार अन् स्लॅब टाकणार. पैसे लावायचेच असतील तर मृगाच्या आधी कवेलू फेरून घ्या, कारण एक पावसाळा गळलं की मातीची भिंत बसते, भिंत बसली की घराची बखळ, म्हणजे पडकी मोकळी जागा झाली, आणि बखळीत आधी शेजाऱ्याच्या गोवऱ्या येतात, मग पऱ्हाट्यांचं (कापसाच्या वाळल्या झाडांचं) कुंपण, मग एखादी म्हैस, अन् चार वर्षांनी तो म्हणते हे तर आमच्या वहिवाटीचं हाय. म्हणूनच सागवान आधी काढून विकू नका. जुन्या घराच्या चौकटी, खांब, मयाली (आडवे तुळवे) सागाच्या राहतात, लाकूडवाला येऊन नगदी दाखवते अन् माणूस भुलते, पण वरचं छत निघालं की खालच्या भिंती एका पावसाच्या धनी. लाकूड घरासोबत जाणार की तुम्ही नेणार हे सौद्याच्या दिवशीच बोलून घ्या अन् लिहून घ्या. ताब्याच्या दिवशी दरवाजावरून, विहिरीतल्या मोटरवरून भांडणं होतात हो, लाखाचा सौदा अन् मोटरीसाठी शिव्या.

आता मुद्द्याचं. भाव कमी-जास्त ठरल्यानं जेवढं नुकसान होत नाही तेवढं क्रम उलटा केल्यानं होते. आमच्याकडं रीत अशी की आधी गिऱ्हाईक पाहायचं, इसार घ्यायचा, पेढा खायचा, अन् मग पेटीतले कागद शोधाले लागायचं. तवा समजते की नमुना आठवर अजून आजोबाचंच नाव हाय. तुमच्याही घराचं असंच असण्याची शक्यता भरपूर, पहिले तेच पाहा. आणि एक गैरसमज तर सुशिक्षित लोकांतही आहे, की नमुना आठ म्हणजे मालकीचा कागद. नाही. तो ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सचा कागद, कर कोणाकडून वसूल करायचा ते सांगते, मालक कोण ते नाही. त्याच्यासोबत जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, असं काहीतरी लागतेच. नमुना आठवर नावं चढवायलाही अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, अन् मग मासिक सभेत विषय येणार, म्हणजे महिना-दोन महिने धरूनच चाला. सरपंचाला फोन केला की आठ दिवसात होते असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

नावं कोणाची? तुम्ही लिहिलं दोघं भाऊ एक बहीण. आई आहे का ते नाही लिहिलं. हे मी जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात पाहतो, आईला कोणी मोजतच नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलं, मुली, आणि वडिलांची आई जिवंत असेल तर ती आजीसुद्धा, सगळ्यांचा सारखा हिस्सा. वडिलोपार्जित घर असेल तर त्यात पोरीला जन्मानंच हक्क, २००५ च्या दुरुस्तीपासून, आणि बाप कधी वारला याचा त्याच्याशी संबंध नाही हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये साफ केलं. लग्न ३० वर्षांपूर्वी झालं, हुंडा दिला, मांडव मोठा टाकला, हे सगळं चावडीवर चालते, रजिस्ट्रीत नाही.

एकदा दोघं भाऊ आले, सौदा झालेला, घेणारा सोबत, खिशात डीडी, दस्त टाईप होऊन प्रिंट निघायची बाकी. मी म्हटलं बहीण कुठंय. म्हणे ती वाशिमले राहते, तिचं काही म्हणणं नाही, तुम्ही लिहा. मी म्हटलं फोन तर लावा. स्पीकरवर लावला. ती शांतपणे म्हणाली, "मी सही करत नाही असं म्हटलंच नाही दादा, पण मले इचारलं कोणं?" मोठ्या भावानं आवाज चढवला, अन् तिथंच काम बिघडलं. नंतर तिनं पूर्ण तिसरा हिस्सा मागितला अन् घेतलाही, घेणारा तोवर दुसरीकडं गेला होता, पुढच्या गिऱ्हाईकानं कमी दिले. लोक म्हणतात आधी विचारलं असतं तर लुगडं-चोळीवर भागलं असतं. मला ते बोलणंच पटत नाही. हिस्सा तिचा आहे, सोडायचा की घ्यायचा तिचं ती ठरवेल. सोडत असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर करून घ्या, साध्या कागदावरच्या अंगठ्याला काही अर्थ नाही. आणि भावांपैकी कोणाला ठेवायचं असेल तर आधी त्याला विचारा, एका वारसानं आपला हिस्सा बाहेर विकायला काढला तर बाकीच्या वारसांना आधी घ्यायचा हक्क कायद्यातच आहे.

दुसरा घोळ मापाचा. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली, त्याखाली ड्रोननं गावठाणं मोजली, बऱ्याच गावात मालमत्ता पत्रक अन् सनद, म्हणजे जागेच्या हक्काचे सरकारी कागद, हातात आले. तुमच्या गावात झालं असेल तर ते पत्रक पहिले काढा, कारण जुना आकडा अन् नवा आकडा जुळतच नाही. नमुना आठवर ४० बाय ३० म्हणजे १२०० चौरस फूट लिहिलेलं राहते, आजोबाच्या काळात कोणी दोरीनं मोजलं कोण जाणे, अन् पत्रकावर निघतात ९८ चौरस मीटर. ९८ ला १०.७६ नं गुणा, साधारण १०५५ फूट भरतात. दीडशे फूट गेले कुठं? कधी रस्त्यात, कधी नालीत, अन् बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या न्हाणीत. फुटाच्या भावानं सौदा केला असेल तर इथंच घासाघीस सुरू होते, घेणारा म्हणते एवढे फूट कमी, एवढे पैसे कमी करा. म्हणून इसाराच्या आधी मोजून घ्या, शेजाऱ्याला उभं करून. चतुःसीमा लिहिताना पूर्वेला अमुकचं घर असं लिहितात, तो अमुक वारून किती वर्षं झाली अन् घर तीन हातातून गेलं, तरी तेच उतरवतात. आज कोण राहते ते लिहा.

जागा कशी मिळाली तेही बघा. घरकुलाचा सरकारी प्लॉट, भूदानाची जमीन, भोगवटादार वर्ग दोन (सरकारनं अटी घालून दिलेली जमीन) असं काही असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. हे पुढं निघालं तर तुम्हालाच पैसे परत करत बसावं लागते.

पैशाचं. गावात अजूनही इसार वहीच्या पानावर लिहितात, दोन साक्षीदार, तेही घेणाऱ्याच्याच ओळखीचे. इसारचिठ्ठी ५०० च्या स्टॅम्पवर करा, त्यात किती दिवसात खरेदी लावायची, नाही लावली तर इसाराचं काय, हे दोन्ही लिहा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्यावर रोख घेतली तर जेवढी रोख तेवढाच दंड होऊ शकते, आणि तो दंड रोख घेणाऱ्याला म्हणजे घर विकणाऱ्याला, पैसे देणाऱ्याला नाही. चेक किंवा आरटीजीएस. आणि ताबा देऊ नका. हा मे महिन्यातला ठरलेला डाव आहे, गिऱ्हाईक म्हणते "पावसाच्या आधी पाया खोदून घेतो, पैसे कापूस निघाल्यावर". एकदा पाया पडला की त्याला कोण उठवणार?

दस्तात "संपूर्ण रक्कम मिळाली" हे वाक्य राहते, चेक वटायच्या आधी त्याच्याखाली सही करू नका. राहिलेल्या पैशासाठी दावा लावता येते, पण नुसते पैसे राहिले म्हणून खरेदीखत रद्द होत नाही, असं सुप्रीम कोर्टानंच २०२० ला सांगितलं. तसंच किंमत कमी लिहून बाकीचे कच्च्यात घ्यायची हौस. ते कच्चे बुडाले तर कोणत्या तोंडानं मागणार?

नोटरी करून घर "विकणारे"ही आहेत. १०० रुपये किंवा त्याच्यावरच्या किमतीचं घर रजिस्टर खरेदीखताशिवाय दुसऱ्याचं होत नाही, १८८२ चा कायदा आहे. विकणाऱ्याला वाटते आपल्याला काय, पैसे मिळाले. पण टॅक्सची नोटीस तुमच्याच नावानं येणार, अन् उद्या त्यानं पुढं तिसऱ्याला विकलं की भांडणात तुम्हाला साक्षीला ओढणार.

टॅक्सचं थोडक्यात. खेड्यातल्या शेतीच्या विक्रीवर इन्कमटॅक्स लागत नाही म्हणून लोक घरालाही तेच लावतात. चूक. गावातलं घर विकलं तरी नफा धरतात. वडिलांची वर्षं तुमच्यात मोजतात त्यामुळे तो दीर्घ मुदतीचा, दर १२.५ टक्के, किंवा २३ जुलै २०२४ च्या आधीची मालमत्ता असेल तर महागाईचा हिशेब लावून २० टक्के, जो कमी बसेल तो. २००१ च्या आधीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यामुळे खेड्यातल्या घरात नफा बऱ्याचदा फार निघत नाही. आणि पैसा दोन वर्षात दुसरं राहतं घर घ्यायला किंवा तीन वर्षात बांधायला लावला तर सूट आहे. पुण्यातल्या सीएला इसाराच्या आधी दाखवा, नंतर नाही.

विकायचं कधी? दिवाळीत सोयाबीनचा पैसा येते, संक्रांतीपासून होळीपर्यंत कापसाचा. जूनमध्ये सगळे बियाण्या-खताच्या मागं, तेव्हा जो घ्यायला येते तो पाडून मागायलाच येते. सगळ्यात जास्त भाव बहुतेक भिंतीला भिंत असलेला शेजारीच देते, त्याची जागा मोठी होते ना, पण तुम्ही पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी काढून आले अन् पानठेल्यावर सांगितलं की या खेपेत निपटवूनच जातो, की तोच शेजारी गप बसून राहते. दुसरं गिऱ्हाईक घरी येऊन पाहून गेलं हे त्याला दिसू द्या, आपोआप निरोप येते.

जायच्या आधी घरटॅक्स, पाणीपट्टीच्या पावत्या चुकत्या करा, मीटर अजून आजोबाच्या नावानं असेल तर थकबाकी नसल्याचं बघून घ्या, आणि खरेदी लागल्यावर ताबापावतीवर घेणाऱ्याची सही घ्या. नमुना आठचा फोटो इथं टाकला तर बघून सांगतो कुठं अडकणार, फक्त आधार नंबर अन् मोबाईल झाकून टाका.